थांबावं कुठे, चालावं कुठवर?

अहिल्यानगर जिल्ह्यात मराठी मजकुराची मोठी ठेव आहे. शके १२१२, म्हणजे १२९० साली नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ पूर्ण केला. १८४२ मध्ये नगरमधून ‘ज्ञानोदय’ निघू लागला. एखाद्या तालुक्याच्या वाचनालयाने हे सारं संगणकावर आणायचं ठरवलं, एक शब्द टाकला की तो असलेली ओवी, पान किंवा अंक समोर यावा अशी सोय करायची म्हटली, तर त्यासाठी लागणारं इंजिन आज फुकट मिळतं. त्याचं नाव ल्युसीन. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये जावा भाषेत लिहिलेली ही शोधाची लायब्ररी २००१ मध्ये अपाची प्रकल्पात आली. सोलर आणि इलॅस्टिकसर्च ही मोठी इंजिनं तिच्याच पायावर उभी आहेत.

इंजिन जोडणं हे त्यातलं सोपं काम. अवघड प्रश्न पुढे येतो: एकाच वेळी अनेक जण शोधत असताना आणि मागे नवी पानं चढत असताना काही बिघडलं, तर प्रोग्रॅमने काय करावं? याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्हींमागे प्रामाणिक अनुभव आहे. ती समोरासमोर यावीत म्हणून हा संवाद रचला आहे. मामांनी उभी हयात जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात काढली. काम थांबता कामा नये, हा त्यांचा बाणा. भाची पुण्यात शोधप्रणालींवर काम करते. खात्री नसेल तर थांबावं, असं तिचं म्हणणं. माणसं कल्पित आहेत. ल्युसीनचे आणि जावाचे नियम मात्र जसे आहेत तसे दिले आहेत.

मामा : आधी माझी बाजू सांगतो. गळीत हंगामात गेटवर ट्रॉल्यांची रांग लागते. संगणक तासभर बंद पडला तर ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं. म्हणून आमचा एकच नियम होता: प्रोग्रॅम पडता कामा नये. काही चुकलं की एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा प्रोग्रॅममधला इशारा, पकडायचं, लॉगमध्ये नोंद टाकायची आणि पुढे चालायचं. वाचनालयालाही तेच लागू आहे. पारनेरहून एखादा मुलगा एसटीने येतो, शब्द टाकतो आणि पडद्यावर इंग्रजीतली दहा ओळींची एरर पाहतो. तो पुन्हा कशाला येईल?

भाची : त्याला इंग्रजी एरर दिसू नये, हे मला शंभर टक्के मान्य. पण मामा, ‘पकडा आणि पुढे चला’ या नियमाने पडद्यावर काय येतं ते बघा. असे शोधपडदे मी पुष्कळ पाहिलेत. शोधाचा सगळा कोड एका ट्राय-ब्लॉकमध्ये असतो. खाली कॅचमध्ये कुठलंही एक्सेप्शन आलं तरी एकच काम: रिकामी यादी परत करा. मग पडद्यावर येतं, ‘काही सापडलं नाही’.

मामा : त्यात वाईट काय? पडदा तरी शाबूत राहिला.

भाची : वाईट हे, की ‘काही सापडलं नाही’ हे एक विधान आहे. त्याचा अर्थ होतो, हा शब्द या ग्रंथात नाही. एखादी विद्यार्थिनी त्यावर विसंबून प्रबंधात लिहील की अमुक शब्द ज्ञानेश्वरीत येत नाही. प्रत्यक्षात शब्द तिथेच असतो. झालेलं एवढंच, की फाइल वाचता आली नाही, किंवा सर्व्हरची मेमरी संपली, किंवा शोधाचं वाक्यच नीट उलगडलं गेलं नाही. वजनाच्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर शेतकरी पावती घेऊन भांडायला येतो. शोधात जे हाती आलंच नाही त्याबद्दल कोण भांडणार? आपल्याकडून काय दडलं हे वाचकाला कळायला मार्गच नाही.

मामा : हे मी मान्य करतो. निरोप खोटा नको. पण दुसरं टोकही मला नको. समजा, ‘ज्ञानोदय’चे जुने अंक स्कॅन करून मशीनने त्यांतली अक्षरं ओळखली. जुनी छपाई, शाई पसरलेली, कागद पिवळा. शेकडो पानांत एक पान असं निघणार की त्याच्या मजकुराचा लगदा झालेला असेल. त्या एका पानापायी रात्रभराचं काम थांबवायचं?

भाची : मुळीच नाही. इथे ल्युसीन तुमच्याच बाजूने उभं आहे. अगदी नेमका प्रसंग घेऊ. प्रत्येक पानाचं आपण एक डॉक्युमेंट करतो. त्यात पानाचा मजकूर असतो, तो शब्दाशब्दांत तोडून इंडेक्समध्ये, म्हणजे शब्दांच्या सूचीत, जातो. शिवाय लेखाचं शीर्षक असतं; ते न तोडता, अखंड एकच शब्द मानून ठेवलंय असं समजा, म्हणजे शीर्षक जसंच्या तसं जुळवता येतं. आता अक्षरं ओळखणाऱ्या मशीनने गफलत केली आणि अख्ख्या अंकाचा मजकूर शीर्षकाच्या रकान्यात ओतला. ल्युसीनमध्ये एका शब्दाला जास्तीत जास्त ३२,७६६ बाइट्सची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, हलन्त, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्स घेतं. म्हणजे १०,९२२ चिन्हं झाली की मर्यादा संपली. अंकाचा मजकूर त्याच्या कितीतरी पुढे जाणार.

मामा : मग?

भाची : मग इलीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन येतं. पण फक्त ते डॉक्युमेंट नाकारलं जातं. त्याचा अर्धवट आत गेलेला भाग खोडलेला म्हणून नोंदला जातो, आधीच्या डॉक्युमेंटांना धक्का लागत नाही आणि पुढचं पान घेता येतं. शब्द तोडणाऱ्या कोडमधून एक्सेप्शन आलं तरी हाच न्याय. तिथे आपण एक्सेप्शन पकडावं, पानाचा क्रमांक टिपावा आणि पुढे चालावं. तुमचा नियम इथे तंतोतंत लागू आहे.

मामा : मग आपला वाद तरी कुठे उरला?

भाची : डिस्क भरल्यावर उरतो. इंडेक्सरायटर हा ल्युसीनचा लिहिणारा भाग मेमरीत साठवलेला मजकूर डिस्कवर उतरवतोय आणि मधेच जागा संपली. आयओएक्सेप्शन आलं. आता ल्युसीन त्या पानापुरतं थांबत नाही. ते याला ‘ट्रॅजिक’ घटना मानतं, इंडेक्सरायटर स्वतःहून बंद होतो आणि शेवटच्या कमिटनंतरचं, म्हणजे डिस्कवर शेवटचं पक्कं केल्यानंतरचं, सगळं लिखाण सोडून देतो. त्यानंतर कुठल्याही थ्रेडने, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी कुणीही, पान द्यायचा प्रयत्न केला की ऑलरेडीक्लोज्डएक्सेप्शन मिळतं. मेमरी संपल्याच्या एररलाही हेच.

मामा : हे मला अजिबात पटत नाही. एक फाइल लिहिताना जागा कमी पडली, तर बाकीच्यांचा काय गुन्हा? चार थ्रेड चार अंकांचं काम करत होते. एकाचं फसलं. इतर तिघांचं काम कशाला फेकायचं? जुना कामगार असं कधी करणार नाही.

भाची : मामा, काट्यावर एखाद्या ट्रॉलीची पावती चुकली तर तुम्ही काय करायचात?

मामा : ती पावती बाजूला. शेतकऱ्याचं नाव चुकलं असेल, गाडीचा नंबर चुकला असेल. ट्रॉली कडेला घ्यायची, रांग पुढे सरकू द्यायची.

भाची : आणि रिकामा काटा शून्य दाखवत नसेल तर?

मामा : मग वजनं बंद. रांग कितीही लांब असो. काटाच हलला म्हटल्यावर पुढची प्रत्येक पावती संशयाची. एवढंच नाही, शेवटची तपासणी झाल्यापासूनच्या सगळ्या पावत्या संशयाच्या. माप दुरुस्त झाल्याशिवाय एकही गाडी वर घ्यायची नाही. त्यात तडजोड नाही.

भाची : ल्युसीन हेच करतं. लांबलचक शीर्षकाचं पान म्हणजे चुकलेली पावती. लिहिता लिहिता तुटलेली फाइल म्हणजे हललेला काटा. मेमरीतली शब्दांची यादी, क्रमांक आणि डिस्कवर प्रत्यक्ष उतरलेले बाइट्स यांचा मेळ राहिलाय की नाही हे प्रोग्रॅमला आता छातीठोकपणे सांगता येत नाही. शेवटचं कमिट ही शेवटची तपासणी. तिथवरचं पक्कं, त्यापुढचं संशयाचं.

मामा : ठीक. काट्याचा मुद्दा मी नाकारू शकत नाही. पण माणसाला काटा हललेला डोळ्यांनी दिसतो. प्रोग्रॅमला हा फरक कसा कळायचा? एक्सेप्शन तर दोन्हीकडे एक्सेप्शनच.

भाची : एक्सेप्शनच्या नावावरून तो कळतच नाही. त्यासाठी एकच प्रश्न विचारायचा: काम अर्धवट सुटलं तेव्हा जी वस्तू अर्धवट राहिली, ती आणखी कुणाच्या हातात आहे का? कुणाच्याच नसेल तर टाकून द्या आणि पुढे चला. दुसऱ्या कुणाच्या हातात असेल तर थांबा. म्हणूनच एक्सेप्शन हाताळणं आणि अनेक थ्रेड सांभाळणं हे मला दोन विषय वाटतच नाहीत. प्रश्न एकच आहे.

मामा : थांब, थ्रेडचं मला सोपं उत्तर ठाऊक आहे. एका वेळी एकानेच आत जायचं. सगळ्यावर सिंक्रोनाइझ्ड लावलं की संपलं. कुलूप असेल तर गोंधळ कसला?

भाची : त्या कुलपाची एक खोड आहे. सिंक्रोनाइझ्ड ब्लॉकमध्ये काम चालू असताना एक्सेप्शन आलं तर जावा ते कुलूप आपोआप उघडतं. ते उघडायलाच हवं, नाहीतर बाकीचे थ्रेड जन्मभर ताटकळतील. पण उघडताना आतलं अर्धवट काम कुणी आवरत नाही. पुढचा थ्रेड रीतसर कुलूप घेऊन आत येतो आणि अर्धी बदललेली यादी खरी समजून वापरतो. एका वेळी एकच जण आत, हा तुमचा नियम तंतोतंत पाळला गेला आणि तरी माहिती बिघडली.

मामा : एखादं उदाहरण दे. असं हवेत नको.

भाची : ज्ञानेश्वरीची एक ओवी इंडेक्समध्ये चुकीची गेलीय, ती दुरुस्त करायचीय. सरळ मार्ग काय? आधी डिलीट, मग ॲड. दोन ओळींचा कोड. डिलीट झालं आणि ॲडच्या ओळीवर एक्सेप्शन आलं. आपण ते पकडलं, लॉगमध्ये टाकलं, पुढे गेलो. थोड्या वेळाने ठरल्यासारखं कमिट झालं. नऊ हजारांच्या आसपास ओव्यांच्या ग्रंथातून एक ओवी गायब झाली आणि कुणाला पत्ता नाही. एक्सेप्शन आलं नाही तरी धोका आहेच. दोन ओळींच्या मधल्या क्षणी शोधणाऱ्याने इंडेक्सचं ताजं रूप उघडलं, तर त्याला ती ओवी दिसणार नाही. चूक एक्सेप्शनची म्हणा किंवा थ्रेडची म्हणा, भोक एकच आहे.

मामा : आणि उपाय?

भाची : ल्युसीनची अपडेटडॉक्युमेंट ही पद्धत वापरायची. ती खोडणं आणि घालणं एकत्र, अखंड करते. इतर थ्रेडना एकतर जुनी ओवी दिसते किंवा नवी. मधली अवस्था कुणालाच दिसत नाही. नवी ओवी नाकारली गेली तर जुनी जागची हलत नाही. आणि तुमच्या कुलपाबद्दल आणखी एक. ल्युसीनच्या माहितीपत्रकात स्पष्ट सूचना आहे, की इंडेक्सरायटरच्या वस्तूवर बाहेरून सिंक्रोनाइझ्ड लावू नका. आतले थ्रेड एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकू शकतात. कुलूप हवंच असेल तर आपली वेगळी वस्तू घ्या.

मामा : मग कुलपांशिवाय एवढी माणसं एकाच वेळी शोधतात कशी? हे मला समजून घ्यायचंय.

भाची : ल्युसीनमध्ये मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. इंडेक्स हा एक मोठा गठ्ठा नसतो, अनेक छोट्या सेगमेंटांचा असतो. एकदा लिहून झालेली सेगमेंटची फाइल पुन्हा कधी बदलली जात नाही. ओवी खोडली तरी मूळ फाइलला हात लागत नाही. कुठलं डॉक्युमेंट बाद झालं याची वेगळी नोंद होते. कमिट म्हणजे आता कुठली सेगमेंटं धरायची याची नवी यादी, आणि ती सगळ्यात शेवटी जागेवर ठेवली जाते. मधेच वीज गेली तरी जुनी यादी शाबूत. शोधणारा इंडेक्स उघडतो तेव्हा त्या क्षणाचं चित्र त्याच्या हातात येतं आणि ते त्याच्यापुरतं बदलत नाही. जे बदलतच नाही ते शंभर थ्रेडनी वाचलं तरी भांडण होत नाही. म्हणून इंडेक्ससर्चर, म्हणजे ल्युसीनचा शोधणारा भाग, बेलाशक सगळ्यांत वाटून घ्यावा.

मामा : आणि लिहिणारे?

भाची : २०१२ च्या ४.० आवृत्तीपासून प्रत्येक लिहिणाऱ्या थ्रेडला मेमरीत स्वतंत्र जागा मिळते. तो आपलं सेगमेंट तिथे बांधतो. बांधणी चालू असताना त्या जागेत दुसरं कुणी डोकावत नाही. म्हणूनच एका पानाचा लगदा तिथल्या तिथे निपटता येतो. वाटलं जातं ते बदलत नाही आणि बदलतं ते वाटलं जात नाही. ज्या मोजक्या जागी दोन्ही टाळता येत नाहीत, तिथेच कुलूप आणि तिथेच थांबण्याचा नियम.

मामा : म्हणजे ल्युसीनची वस्तू दिसली की खुशाल वाटून वापरायची?

भाची : इथेच लोक फसतात. क्वेरीपार्सर, म्हणजे वाचकाने टाकलेले शब्द उलगडून शोधाचं वाक्य बनवणारा भाग, थ्रेडसाठी सुरक्षित नाही, असं माहितीपत्रकातच लिहिलंय. त्याच्या आत चालू वाक्याची अवस्था असते. आता कुणीतरी मेमरी वाचवायला एकच क्वेरीपार्सर सगळ्या वाचकांसाठी ठेवला. दुपारी गर्दी नसते तेव्हा सगळं झकास. स्पर्धा परीक्षेची मुलं संध्याकाळी एकदम बसली की दोघांची वाक्यं एकमेकांत मिसळतात. एकाने ‘वैराग्य’ टाकलं, व्यवस्थित टाकलं, तरी त्याला पार्सएक्सेप्शन.

मामा : आणि त्यावर माझा कॅच.

भाची : त्यावर सगळ्यांना एकच उत्तर देणारा कॅच. पडद्यावर ‘काही सापडलं नाही’. मुलगा पुन्हा तोच शब्द टाकतो, आता सापडतो. तो म्हणतो, मघाशी माझंच टंकन चुकलं असेल. ग्रंथपाल म्हणतात, नेट हळू असेल. मूळ चूक थ्रेडची होती, ती एक्सेप्शन होऊन ओरडत बाहेर आली आणि कॅचने तिचं तोंड दाबलं. अशी चूक वर्षानुवर्षं मुरते. उपाय किती साधा! प्रत्येक शोधाला नवा क्वेरीपार्सर करायचा. फार हलकी वस्तू आहे ती.

मामा : हे पटलं. पण एक व्यवहाराची अडचण सांगतो. कुणीतरी ‘अ’ने सुरू होणारे सगळे शब्द मागतो आणि सर्व्हर दमतो. असा शोध मी मधेच तोडणार. इतरांसाठी ते गरजेचं आहे.

भाची : तोडा, पण कसा तोडता याला महत्त्व आहे. जावात थ्रेडला इंटरप्ट करायची सोय आहे. फ्यूचर, म्हणजे मागे सोपवलेलं काम, इंटरप्टसह रद्द केलं तरी आतून तेच होतं. पण इंडेक्सच्या फायली एनआयओएफएस नावाच्या पद्धतीने वाचल्या जात असतील आणि इंटरप्टच्या क्षणी तो थ्रेड डिस्कची वाट पाहत असेल, तर जावा ती फाइलच बंद करतं. ती फाइल एकट्याची नसते. मग शहाण्यासारखा एक शब्द शोधणाऱ्या बाकीच्यांनाही क्लोज्डचॅनलएक्सेप्शन येऊ लागतं आणि इंडेक्स नव्याने उघडेपर्यंत येत राहतं. एकाला थांबवायला गेलो आणि सगळ्यांचा मार्ग बंद झाला.

मामा : मग दमछाक करणारा शोध तसाच चालू द्यायचा?

भाची : नाही. शोधालाच वेळेची मर्यादा द्यायची. ताज्या आवृत्त्यांत इंडेक्ससर्चरलाच ती सांगता येते. वेळ संपली की तो स्वतः, सोयीच्या जागी, थांबतो आणि हाती लागलेले निकाल अपुरे आहेत असं कळवतो. बाहेरून गळा धरणं आणि आतून शिस्तीत थांबणं यात हा फरक आहे.

मामा : ‘अपुरे आहेत’ हे वाचकालाही सांगायचं.

भाची : अगदी. आणि इंडेक्सची नवी रूपं उघडताना जुनी केव्हा मिटायची याचीही शिस्त आहे. कुणीतरी शोधत असताना दुसऱ्याने त्याच्या पायाखालचा इंडेक्स बंद केला तर ऑलरेडीक्लोज्डएक्सेप्शन. जुन्या आवृत्त्यांत तर फाइल मेमरीत थेट उघडलेली असेल तेव्हा अख्खं जावाचं यंत्रच कोसळू शकत असे. त्यासाठी सर्चरमॅनेजर आहे. शोधण्यापूर्वी त्याच्याकडून सर्चर घ्यायचा, काम झाल्यावर फायनली-ब्लॉकमध्ये परत करायचा. फायनलीतच, कारण मधे एक्सेप्शन आलं तरी परत करणं चुकता कामा नये. परत केला नाही तर जुनी रूपं उघडीच राहतात, फायली साठत जातात आणि एक दिवस डिस्क भरते. मग काटा हलतो.

मामा : आता माझा खरा आक्षेप ऐक. तू पुण्यात बसतेस. तिथे रात्री दोनला सर्व्हर थांबला तर उठून बघणारा माणूस असतो. जामखेडच्या, अकोल्याच्या वाचनालयात कोण आहे? ग्रंथपाल एकटा, तोच शिपाई, तोच हिशेबनीस. तुझा प्रोग्रॅम तत्त्वनिष्ठेने थांबला आणि दुरुस्त करणारा माणूस आठवड्याने आला, तर आठवडाभर शोध बंद. थांबणं शहराला परवडतं. खेड्याला थांबण्याची किंमत जास्त मोजावी लागते.

भाची : हा आक्षेप मी मनावर घेते. मोठ्या कंपन्यांत बसून लिहिलेले नियम ही गोष्ट विसरतात. पण थांबतं काय ते नीट पाहू. इंडेक्सरायटर थांबला म्हणजे लिहिणं थांबलं. शेवटच्या कमिटवर उघडलेला सर्चर जिवंतच असतो. काल रात्रीपर्यंत चढलेला सगळा मजकूर वाचक शोधू शकतो. नवी पानं तेवढी चढत नाहीत. लिहिणं आणि शोधणं यांचे प्रोग्रॅम आपण वेगळे ठेवले, तर वाचनालय उघडंच राहतं.

मामा : हे आधी सांगितलं असतंस तर निम्मा वाद वाचला असता. म्हणजे वजनं बंद, पण ज्यांच्या पावत्या पक्क्या आहेत त्यांचा हिशेब चालू.

भाची : तेच. मात्र मागच्या बाजूला थांबलेलं पुढे कळलं पाहिजे. सेगमेंटं एकत्र करण्याचं काम ल्युसीन मागच्या थ्रेडवर करतं. तिथे जागा संपली तर मूळ एक्सेप्शन त्या थ्रेडवर येतं आणि आपल्या कोडला नंतर नुसतं ऑलरेडीक्लोज्ड दिसतं. कोड म्हणतो, बंद आहे, मी तर बंद केलं नव्हतं! खरं कारण त्या एक्सेप्शनच्या पोटात ठेवलेलं असतं. ते उलगडून लिहिलं नाही तर दुरुस्त करायला आलेला माणूस अंधारात चाचपडतो.

मामा : आता लॉगचं सांगतो, कारण लॉग मी आयुष्यभर लिहिले. लॉग कुणी वाचत नाही. ‘नोंद टाकली’ म्हणून आपण हात झटकतो. नाकारलेल्या पानांची यादी लॉगमध्ये पडून राहिली तर ती पानं कायमची गेली. ती यादी ग्रंथपालाच्या रोजच्या कामात आली पाहिजे: अमुक अंक, अमुक पान, कारण मराठीत, आणि ‘दुरुस्त झालं’ म्हणून खूण करायची जागा. पुढे चालायचा हक्क मागे राहिलेल्याचा हिशेब ठेवणाऱ्यालाच आहे.

भाची : हे मी लिहून घेते. आम्ही इंजिनिअर इथे कमी पडतो.

मामा : आणि इंडेक्सरायटर बंद झाला तर तो आपोआप पुन्हा उघडावा, असं माझं अजून मत आहे.

भाची : माझा विरोध आहे. डिस्क भरलेलीच असेल तर तो उघडेल, पुन्हा आपटेल, पुन्हा उघडेल. रात्रभर तेच. आणि कारण मेमरीचं असेल तर सगळा प्रोग्रॅमच नव्याने सुरू करायला हवा.

मामा : कारण पाहून. जागा मोजायची, पुरेशी मोकळी झाली असेल तर एकदाच प्रयत्न करायचा. पुन्हा फसला तर थांबायचं आणि ग्रंथपालाच्या फोनवर निरोप.

भाची : एकदाच, आणि तेही कारण नेमकं ठाऊक असेल तेव्हाच. इंडेक्सची फाइलच बिघडलीय असं निघालं तर एकदाही नाही. २०१४ च्या ४.८ आवृत्तीपासून प्रत्येक फाइलच्या शेवटी पडताळणीचा आकडा असतो. तो जुळला नाही की करप्टइंडेक्सएक्सेप्शन येतं. बिघडलेली सेगमेंटं काढून टाकणारं चेकइंडेक्स नावाचं अवजार ल्युसीनबरोबरच मिळतं, पण ते सेगमेंटबरोबर त्यातली सगळी डॉक्युमेंटंही टाकतं. आपल्याकडे मूळ पानं आहेत. इंडेक्स नव्याने बांधावा, हेच बरं.

मामा : इतकं सगळं खरंच चालतं की नाही हे कसं कळणार? डिस्क भरायची वाट बघत बसायचं?

भाची : मुद्दाम बिघाड करायचा. ल्युसीनची माणसं हेच करतात. त्यांच्या चाचण्यांसाठी मॉकडिरेक्टरीरॅपर नावाची एक खोटी डिस्क आहे. ती मधेच कधीही आयओएक्सेप्शन फेकते, जागा संपल्याचं सोंग करते, वीज गेल्यावर नीट न उतरलेल्या फायली कशा बिघडतात तेही करून दाखवते. दर वेळी बिघाडाची जागा वेगळी. अशा हजारो बिघाडांतून इंडेक्स शाबूत निघाला तरच कोड पुढे जातो. जुलै २०११ मध्ये जावा ७ आलं, तेव्हा त्याच्या कम्पायलरमधल्या लूपच्या दोषाने ल्युसीन कोसळू शकतं आणि इंडेक्सही बिघडू शकतो, असा इशारा याच लोकांनी जगाला दिला. आपणही निदान भरलेली डिस्क आणि संध्याकाळची गर्दी तरी आधी करून पाहावी.

मामा : सगळ्या चुका एक्सेप्शन होऊनच येतात असं मात्र धरू नकोस. कारखान्यात सगळ्यात महाग चुका मुकाट आल्या.

भाची : शोधातही येतात. ल्युसीनचा हिंदीसाठीचा ॲनालायझर, म्हणजे मजकुराचे शब्द तोडणारा भाग, मराठीला लावला तर तो दीर्घ मात्रा ऱ्हस्व करतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच होतात. एक्सेप्शन येत नाही. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो आणि दोन्ही आधी एकसारख्या केल्या नाहीत तर एका तऱ्हेने शोधणाऱ्याला दुसरी सापडत नाही. इथेही एक्सेप्शन नाही. यासाठी मराठी वाचणाऱ्या माणसानेच काही ठरावीक शब्दांचे निकाल दर वेळी तपासले पाहिजेत. यंत्राला हे कळणार नाही.

मामा : ते काम मी करतो. आता सांग, पडद्यावर काय लिहायचं? ‘काही सापडलं नाही’ एवढं एकच वाक्य मी आता ठेवणार नाही.

भाची : तीन वाक्यं, तीन वेगळ्या प्रसंगांची. शोध पूर्ण झाला आणि शब्द नाही: ‘या संग्रहात हा शब्द नाही.’ शोध मधेच थांबला किंवा फसला: ‘शोध पूर्ण झाला नाही, पुन्हा प्रयत्न करा.’ आणि संग्रहाचा काही भाग चढलेलाच नाही: ‘पुढील अंक अजून शोधात आलेले नाहीत’, खाली त्यांची यादी.

मामा : पहिलं वाक्य केव्हा दाखवायचं याची अट कोडमध्ये सगळ्यात कडक ठेव. एकही एक्सेप्शन आलेलं नसेल, वेळेची मर्यादा लागलेली नसेल आणि नाकारलेल्या पानांची यादी रिकामी असेल, तरच. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार एवढी खात्री असेल तेव्हाच. आणि डिस्क भरवण्याची चाचणी मला करायला दे. काम न थांबवता बिघाड कसा पकडायचा, हे मलाही पुन्हा शिकायचंय.